एल इयेरो चुकलं की पुढे अमेरिकाच : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त कॅप्टनची उत्तरं

गेल्या लेखात सेनेगल आणि मॉरिटानियाच्या किनाऱ्यावरून स्पेनच्या कॅनरी बेटांकडे लाकडी होड्यांतून कागदपत्रांशिवाय निघणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं होतं. २०२४ या एका वर्षात असे ४६,८४३ लोक त्या बेटांवर पोहोचले. त्यावर बरीच पत्रं आली. काही रागावलेली, काही हळहळणारी. त्यातल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

मरणाची एवढी शक्यता असताना आईबाप पोराला होडीत बसवतातच कसे? अडाणीपणा म्हणायचा की पैशाची हाव? (एक वाचक, पुणे)

अडाणीपणा तर नक्कीच नाही. सेनेगलच्या कोळीवाड्यांत ‘बार्सा वाला बार्साख’ ही म्हण पोराटोरांच्या तोंडी आहे: बार्सेलोना, नाहीतर परलोक. सेनेगलची राजधानी डाकार, तिच्याजवळच्या थियारोय-सुर-मेर या वस्तीत याय बायाम द्यूफ नावाच्या बाई आहेत. त्यांचा मुलगा २००६ मध्ये असाच बुडाला. त्यानंतर त्यांनी मुलं गमावलेल्या आयांना एकत्र केलं आणि या होड्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. समुद्र काय करतो हे त्या गावाला मी काय सांगणार?

हिशोब वेगळ्या जागी आहे. तिथल्या गरिबाच्या ताटातला मासा म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला. तो किनाऱ्यालगत मिळेनासा झाला. बाहेरच्या देशांची मोठी जहाजं आली, स्थानिक होड्याही बेसुमार वाढल्या, आणि फिशमीलचे, म्हणजे माशांच्या भुकटीचे, कारखाने उभे राहिले. एक किलो फिशमीलला चार-पाच किलो ताजा मासा लागतो आणि ते दूरदेशीच्या मत्स्यशेतीत जातं. कारखाना रोख पैसे देतो. मग मासे सुकवून, खारवून विकणाऱ्या बायकांच्या वाट्याला काय येणार? होडीवर कर्ज, इंजिनावर कर्ज, आणि जाळ्यात येतं ते पेट्रोलच्या खर्चालाही पुरत नाही.

अशा घरात चार भावांपैकी एक निवडला जातो. अंगापिंडाने धट्टाकट्टा, समुद्राची सवय असलेला. होडीतल्या जागेला साधारण तीन ते पाच लाख सेफा फ्रँक पडतात, म्हणजे आपले चाळीस ते पंचाहत्तर हजार रुपये. हे पैसे बऱ्याचदा आईच उभे करते: भिशीतून (तिथेही बायकांच्या भिश्या चालतात, अगदी आपल्यासारख्या), दागिना मोडून, कधी होडीचं इंजिन विकून. अगदीच कंगाल घरातला पोरगा जाऊ शकत नाही, कारण त्याच्यासाठी एवढेही उभे राहत नाहीत. आणि पोहोचलेल्याने पाठवलेल्या पैशातून शेजारच्या घराला सिमेंटची भिंत चढलेली सगळ्या गल्लीला दिसते. परदेशातून येणारा पैसा हा सेनेगलच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे दहावा हिस्सा आहे. याला हाव म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट बुडण्याइतकी ठळक दिसत नाही. जो पकडून परत पाठवला जातो त्याचं कर्ज तसंच राहतं. भिशीतल्या बायका रोज दारावरून जातात. म्हणून तो पुन्हा निघतो.

आमच्या मालवणात मोठा ट्रॉलरसुद्धा एवढ्या लांब जाताना दहादा विचार करतो. लाकडी होडी १५०० किलोमीटर जाते कशी? (एक मच्छीमार वाचक, मालवण)

तुमच्यासारख्याने विचारलं म्हणून जरा तपशिलात सांगतो.

होडी पंधरा ते पंचवीस मीटर लांबीची, रंगीत, पुढच्या टोकाला निमुळती, मासेमारीचीच. मागे चाळीस किंवा साठ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, शक्य असेल तर एक जास्तीचं. जीपीएस एक-दोन. माणसं शंभर-दीडशे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका होडीतून ३२० जण उतरले होते! डाकारहून कॅनरी साधारण ८०० सागरी मैल. पाच-सहा नॉटने (ताशी तेवढे सागरी मैल) चाललात तरी सहा दिवस, आणि माझ्या अंदाजाने हजार-दीड हजार लिटर पेट्रोल. आता पाणी मोजा. शंभर माणसं, माणशी रोज तीन लिटर, सात दिवस: दोन टनांच्या वर. तेवढं पाणी घेतलं तर माणसं कुठे बसवणार? म्हणून पाण्यातच काटछाट होते. तहानेने वेडापिसा झालेला माणूस खारं पाणी पितो, मग भ्रम होतात, किनारा दिसल्यासारखा वाटतो आणि तो उडी टाकतो. वाचलेल्यांच्या जबान्यांत हे पुन्हा पुन्हा येतं.

पेट्रोलचे कॅन गळतात. तळाला साचलेल्या खाऱ्या पाण्यात ते मिसळलं की त्यात बसलेल्यांची कातडी भाजून निघते. बायकामुलांना ‘सुरक्षित’ म्हणून होडीच्या मध्यभागी खाली बसवतात, त्यामुळे हे भाजणं जास्त करून त्यांच्याच वाट्याला येतं.

आता वारा आणि प्रवाह. त्या पट्ट्यात व्यापारी वारे ईशान्येकडून वाहतात आणि कॅनरी प्रवाह नैर्ऋत्येला जातो. म्हणजे उत्तरेला जाणारी होडी दोघांशी झुंजत जाते. किनाऱ्याजवळ गस्त असते, म्हणून तांडेल होडी आणखी पश्चिमेला, खोल समुद्रात घालतो. तिथे इंजिन बंद पडलं, की तोच वारा आणि तोच प्रवाह तिला अटलांटिकच्या पोटात ओढतो. एल इयेरो हे कॅनरीतलं सगळ्यात पश्चिमेकडचं बेट. ते चुकलं, तर पुढची जमीन थेट अमेरिका खंडाची. मे २०२१ मध्ये कॅरिबियनमधल्या टोबॅगोजवळ मॉरिटानियाची एक होडी सापडली, आत चौदा मृतदेह. एप्रिल २०२४ मध्ये ब्राझीलच्या पारा राज्याच्या किनाऱ्याजवळ दुसरी, नऊ मृतदेह. सेनेगलच्या फास बोये गावातून १० जुलै २०२३ ला निघालेली १०१ जणांची होडी महिन्याभराने केप व्हर्देजवळ मिळाली, तेव्हा ३८ जण जिवंत होते.

मेलेल्यांचे आकडे प्रत्येक बातमीत वेगळे का असतात? (एक वाचक, कोल्हापूर)

कारण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या. संयुक्त राष्ट्रांची स्थलांतर संस्था, आयओएम, ज्या दुर्घटनेचा काही पुरावा मिळतो तीच धरते. स्पेनमधली ‘कामिनांदो फ्रोन्तेरास’ ही संस्था होड्यांतून येणारे मदतीचे फोन आणि घरच्यांनी दिलेली बेपत्तांची माहितीही धरते. त्यांच्या मते २०२४ मध्ये अटलांटिक मार्गावर ९,७५७ जणांचा जीव गेला. आयओएमची नोंद याच्या कितीतरी खाली आहे. जी होडी कोणी पाहिलीच नाही ती कुठल्या वहीत लिहिणार? मला विचाराल तर मी कामिनांदोच्या आकड्याकडे झुकतो, कारण घरचे लोक उगाच पोराला बेपत्ता म्हणत नाहीत.

एवढ्या पैशात विमानाचं तिकीट येतं. मग विमानाने का जात नाहीत? (एक वाचक, ठाणे)

तिकीट येतं, व्हिसा येत नाही. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) फी ९० युरो, नाकारला तरी ती परत मिळत नाही, आणि सेनेगलमधून केलेल्या अर्जांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त नाकारले जातात. बँकेत शिल्लक दाखवा, पगाराची स्लिप दाखवा. कोळ्याच्या पोराने कुठून आणायची? व्हिसाशिवाय माणूस विमानात घेतला तर युरोपीय कायद्याने विमान कंपनीला दंड होतो, त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारीच त्याला अडवतो. विमानाचा सुरक्षित रस्ता बंद ठेवायचा आणि मग लोक समुद्रातून का येतात म्हणून परिषदा भरवायच्या, हे मला कधीच उमगलेलं नाही.

माझा मुलगा मर्चंट नेव्हीत डेक कॅडेट आहे. त्याच्या जहाजाला अशी होडी भेटली तर? काही अडचणीत तर येणार नाही ना? (एक आई, रत्नागिरी)

ताई, आधी मुलाबद्दलचं सांगतो. निर्णय जहाजाच्या मास्टरचा, म्हणजे कॅप्टनचा असतो, कॅडेटचा नाही. आणि मास्टरलाही कायदा स्पष्ट आहे: समुद्रात संकटात सापडलेल्याला मदत करायची, मग तो कोण, कुठला, कागद आहेत की नाहीत, हे विचारायचं नाही. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात हे आहे, समुद्री कायद्याच्या संयुक्त राष्ट्र कराराच्या ९८व्या कलमातही आहे. सोडून जाणं हा गुन्हा.

खरी कसोटी मदत करताना लागते. मालवाहू जहाजाची बाजू म्हणजे पाण्यातून वर गेलेली, कित्येक मजल्यांची लोखंडी भिंत. खाली होडी लाटेवर वरखाली होतेय. जहाज दिसलं की होडीतले सगळे एकदम उठतात आणि एका बाजूला येतात, आणि होडी पलटते. २८ मे २०२५ ला एल इयेरोच्या ला रेस्तिंगा बंदरात, धक्क्यापाशी, बचावनौका शेजारी असताना हेच झालं. सात जणी गेल्या, सगळ्या बायका आणि मुली. इतके दिवस समुद्र काढून बंदरात!

म्हणून जाणता मास्टर घाई करत नाही. आधी बचाव केंद्राला कळवतो. वाऱ्याच्या बाजूला जहाज आडवं ठेवून होडीला आडोसा देतो, जहाजाचा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) थांबवतो. पाणी, लाइफ जॅकेट, तराफे सोडतो, बसून राहा म्हणून खुणा करत राहतो. बचावनौका येत असेल तर तिची वाट पाहणंच बरं. नसेल, तर शिडी आणि जाळी सोडून एकेक जण वर. तुमच्या मुलाच्या वाट्याला बहुधा ब्लँकेटं, बिस्किटं आणि लॉगबुकात वेळा लिहिणं येईल. त्या वेळा नीट लिही, एवढं त्याला माझ्याकडून सांगा.

अडचण नंतरची असते. २००१ मध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या जहाजाने चारशेहून जास्त लोक वाचवले आणि ऑस्ट्रेलियाने त्यांना उतरू दिलं नाही. २०२० मध्ये ‘मर्स्क एतिएन’ हा टँकर वाचवलेल्या २७ जणांना घेऊन माल्टाजवळ ३८ दिवस खोळंबला. टँकरवर एवढ्या माणसांना झोपायला जागा नसते, जेवण खलाशांच्या शिध्यातून जातं, आणि जहाज थांबलं की मालकाचं रोजचं नुकसान. आपल्या कोकणातली कितीतरी पोरं अशा जहाजांवर आहेत, त्यामुळे हा विषय वाटतो तेवढा परका नाही.

दलालांना फासावर लटकवा, सगळं थांबेल. (एक वाचक, नागपूर)

हा प्रश्न नाही, पण उत्तर देतो. स्पेनमध्ये ‘दलाल’ म्हणून तुरुंगात जातो तो बऱ्याचदा सुकाणू धरणारा. तो कोळी असतो, पैसे नसल्याने होडी हाकण्याच्या बदल्यात फुकट बसलेला. पैसे घेणारा किनाऱ्यावरच राहतो. शिक्षा त्यालाही व्हावी, जरूर व्हावी. पण इतिहास बघा. २००५ मध्ये सेउता आणि मेलिया या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्पेनच्या शहरांची कुंपणं उंच झाली, २००६ मध्ये ३१ हजारांवर लोक कॅनरीत आले. मग तिथे गस्त वाढली आणि वर्दळ भूमध्य समुद्राकडे सरकली. २०२० पासून पुन्हा कॅनरी. प्रत्येक वेळी रस्ता लांबला, आणि लांबला की दलालाचा भाव चढला.

यात आपल्या भारतीयांचा काही संबंध आहे का? भाच्याला एक एजंट ‘युरोपात जहाजावर नोकरी’ देतोय. (एक वाचक, नाशिक)

आहे. २५ डिसेंबर १९९६ च्या रात्री माल्टा आणि सिसिलीच्या मध्ये एका जहाजातून छोट्या बोटीत माणसं उतरवताना बोट बुडाली. किमान २८३ गेले, पंजाबचे, पाकिस्तानचे, श्रीलंकेचे. सिसिलीतल्या पोर्तोपालोच्या मच्छीमारांच्या जाळ्यात प्रेतं येत, ती ते गुपचूप परत टाकत, कारण कळवलं तर चौकशीत धंद्याचे दिवस जातील. २००१ मध्ये एका पत्रकाराने तळाशी बुडालेल्या बोटीचा सांगाडा शोधून काढला, तोवर इटलीच्या सरकारला ही घटना झालीच नाही असं वाटत होतं. आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या मुनंबमहून शंभरहून जास्त लोकांना घेऊन एक मासेमारी बोट न्यूझीलंडकडे निघाली, त्यात बरेचसे दिल्ली आणि तमिळनाडूत राहणारे श्रीलंकन तमिळ होते. तिचा पत्ता लागलेला नाही.

भाच्याबद्दल. जहाजावरची नोकरी असेल तर एजंटकडे डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज-वाहतूक खात्याचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना हवा, त्याचा क्रमांक मागा आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर पडताळा. असा परवानाधारक खलाशाकडून नोकरीचे पैसे घेऊ शकत नाही. इतर परदेशी नोकरी असेल तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याचं कार्यालय आहे, तिथे विचारा. टुरिस्ट व्हिसावर आधी दुबई, इस्तंबूल किंवा आणखी कुठे जायचं आणि ‘पुढचं तिथे बघू’ असं म्हणत असेल, पासपोर्ट ठेवून घेत असेल, पैसे रोखीत आणि पावतीशिवाय मागत असेल, तर भाच्याला घरी बसवा. आणि आधीच पैसे दिले असतील तर लाजू नका, पोलिसांत तक्रार द्या. बुडाले ते बुडाले म्हणून तो पुढच्या टप्प्यालाही पैसे भरेल, एजंट त्याचीच वाट बघत असतो.