भाडं तारखेला जमा व्हावं म्हणून : घरमालकांचे प्रश्न

प्रश्न : कोल्हापूरजवळ उजळाईवाडीला आमच्या घराचा वरचा मजला भाड्याने दिला आहे. भाडेकरू गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला आहेत. माणसं चांगली आहेत, पण भाडं कधी 6 तारखेला येतं, कधी 18 ला. दर महिन्याला मागायला जायचं म्हणजे संकोच वाटतो.

उत्तर : आधी करारातली तारीख बघा. ‘1 ते 5 तारखेच्या आत’ हे वाक्य बहुतेक करारांत छापीलच असतं आणि कारखान्यातला पगार होतो 7 ते 10 च्या दरम्यान. म्हणजे सरळ माणूसही पहिल्या महिन्यापासून थकबाकीत. पगाराची तारीख विचारून घ्या आणि तिच्यापुढे दोन-तीन दिवस सोडून भाड्याची तारीख ठरवा. पगार 7 ला होत असेल तर भाडं 10 ला. ‘10 च्या आसपास’ असं मोघम ठेवू नका.

तारीख ठरली की भाडेकरूंना त्यांच्या पगाराच्या खात्यावर स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम आपोआप पाठवण्याची बँकेला दिलेली सूचना, लावायला सांगा. नेट बँकिंगमध्ये किंवा शाखेत अर्ज देऊन हे होतं. तुमचं खातं लाभार्थी म्हणून जोडायचं, आधी एक रुपया पाठवून नाव बरोबर येतंय का ते बघायचं, मग रक्कम, तारीख आणि हप्त्यांची संख्या भरायची. करार 11 महिन्यांचा असेल तर हप्ते 11. नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी काही बँका मोठी रक्कम जाऊ देत नाहीत, म्हणून हे काम 10 तारखेच्या सकाळी काढू नका.

यात अडकतं ते दोन ठिकाणी. त्या दिवशी खात्यात पैसे कमी असले तर व्यवहार फसतो, आणि बँक दुसऱ्या दिवशी आपणहून पुन्हा प्रयत्न करेलच असं नाही. दुसरं, करार नवा झाला, भाडं वाढलं, तरी जुनी सूचना जुनीच रक्कम पाठवत राहते. वाढीच्या महिन्यात ती रद्द करून नवी लावून घ्या.

लाईट बिल भाड्यात मिसळू नका, नाहीतर दर महिन्याला रक्कम बदलते आणि सगळी व्यवस्था कोलमडते. वरच्या मजल्याला महावितरणचा स्वतंत्र मीटर असेल तर 12 अंकी ग्राहक क्रमांक भाडेकरूंना द्या, ते बिल परस्पर भरतील. सबमीटर, म्हणजे तुमच्याच मीटरवरून घेतलेला आतला मीटर, असेल तर ठरलेल्या दिवशी रीडिंगचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका आणि ती रक्कम वेगळी घ्या. घरफाळा मात्र मालकाने भरायचा की भाडेकरूने, हे करारातच लिहा. बोलण्यातून पुढे वाद होतात.

प्रश्न : भाडेकरू यूपीआयने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवतो, खात्यात मात्र काही दिसत नाही.

उत्तर : स्क्रीनशॉट ही पावती नव्हे. पैसे आले की नाही ते फक्त तुमच्या बँकेच्या नोंदीत बघायचं. भाडेकरूकडून 12 अंकी संदर्भ क्रमांक मागा आणि तो आपल्या स्टेटमेंटशी ताडून बघा. त्याच्या खात्यातून रक्कम खरंच वजा झाली असेल आणि तुमच्याकडे पोचली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ती दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या खात्यात परत जायला हवी. उशीर झाला तर बँकेने त्याला दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. तेव्हा दोन दिवस थांबा, चौकशी त्यालाच त्याच्या बँकेत करू द्या.

रोख भाडं घेत असाल तर पावती द्याच. महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 26 नुसार ती मालकाची जबाबदारी आहे. रक्कम 5,000 च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा.

प्रश्न : शिवाजी विद्यापीठाजवळचा फ्लॅट चार विद्यार्थ्यांना दिला आहे. एक मुलगा मध्येच सोडून गेला आणि बाकीचे म्हणतात, आम्ही आमचा वाटा दिला.

उत्तर : करारात भाडं माणशी लिहिलं असेल तर त्यांचं बरोबर आहे. पुढच्या करारात चौघांची नावं घाला आणि स्पष्ट लिहा की पूर्ण फ्लॅटच्या पूर्ण भाड्याला चौघं एकत्र आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे जबाबदार आहेत. चार खात्यांतून चार तुकडे घेऊ नका. एका पालकाच्या खात्यातून सगळी रक्कम यावी, वाटणी त्यांनी आपापसांत करावी. मे महिन्याच्या सुट्टीतलं भाडं लागेल की नाही, हेही आधीच लिहा. सर्वांत जास्त भांडणं तिथेच होतात.

प्रश्न : करार नोटरी केलेला आहे, तो पुरेसा आहे ना? आणि तीन महिने भाडं थकलं तर पाणी-वीज तोडता येते का?

उत्तर : दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायचा परवाना देणारा करार) नोंदणीकृतच लागतो, मग तो 11 महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घेणं मालकाचं काम आहे, आणि न केल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेही मालकालाच. शिवाय अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. भाड्याचा आकडासुद्धा!

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. भाडं 9,000, डिपॉझिट 30,000, मुदत 11 महिने असं धरा. भाड्याचे 99,000 आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 2,750, मिळून 1,01,750. त्यावर शुल्क येतं 254 रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. आधार पडताळणीने हे ऑनलाईन होतं. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर नोंदणीकृत करारावर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

पाणी-वीज तोडण्याला कलम 29 ने मनाई आहे, त्या वाटेला जाऊ नका. थकबाकी दिसली की पहिल्याच महिन्यात लेखी मागणी करा. किती दिवस थकलं तर परवाना रद्द होईल हे करारात असू द्या आणि डिपॉझिट किमान तीन महिन्यांच्या भाड्याएवढं ठेवा.

व्यापारी गाळ्यासाठी पुढच्या तारखांचे चेक घेण्याची पद्धत अजून चालते. चेकचे नंबर करारात लिहा. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. पैशांअभावी परत आला, तर चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस, ती त्याला मिळाल्यावर 15 दिवस वाट आणि नंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. नोटिशीची मुदत हुकली आणि चेकची मुदत शिल्लक असेल, तर तो पुन्हा बँकेत भरता येतो.