आधी चिपचं नाव, मग ड्रायव्हर: जुन्या संगणकाच्या नेटवर्कबद्दल तुमचे प्रश्न

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला माळ्यावरचे जुने संगणक खाली उतरतात, धूळ झटकली जाते, आणि मग सगळं गाडं एकाच ठिकाणी अडतं: नेट लागत नाही. या वेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न त्याच जागेवरचे आहेत. बारा-पंधरा वर्षांचं धडधाकट यंत्र निव्वळ ड्रायव्हर (नेटवर्कच्या चिपशी संगणकाला बोलायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर) सापडला नाही म्हणून भंगारवाल्याकडे गेलेलं पाहिलं की मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न: माझ्याकडे २०१२ सालचा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. दुकानातून फॉरमॅट करून विंडोज १० टाकून आणला. आता केबल लावली तरी नेट नाही. सगळे म्हणतात ड्रायव्हर डाउनलोड करा. पण नेटच नाही तर डाउनलोड करू कसा? (शिक्षिका, बार्शी)

उत्तर: ताई, किल्ली कुलुपाच्या आतच राहिली अशी ही स्थिती आहे, पण दुसरं दार तुमच्या हातातच आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ असतं, ते सुरू करा. केबल जोडल्याशिवाय हा पर्याय फिकटच दिसतो. जोडूनही फिकटच राहिला तर केबल बदलून बघा, कारण काही स्वस्त केबलींमधून नुसती वीज जाते, डेटा जात नाही. विंडोज १० फोनलाच नेटवर्क कार्ड समजतं आणि मिनिटाभरात नेट सुरू होतं. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही.

आता लगेच ‘लॅन ड्रायव्हर’ असं शोधायला धावू नका. आधी आपल्याकडे कोणती चिप आहे हे यंत्रालाच विचारा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळ्या खुणेसह ‘इथरनेट कंट्रोलर’, म्हणजे लॅनची (केबलच्या नेटवर्कची) चिप, दिसेल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ या टॅबवर जा आणि वरच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे जी लांबलचक ओळ दिसते तिच्यात ‘व्हीईएन’नंतरची चार अक्षरं कंपनीची आणि ‘डीईव्ही’नंतरची चार अक्षरं चिपची. कंपनीचे आकडे ठरलेले आहेत: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे ॲथेरॉस. त्या काळच्या असेंबल डेस्कटॉपमध्ये बहुधा १०ईसी आणि ८१६८ ही जोडी निघते, म्हणजे रिअलटेकची गिगाबिट चिप. खोक्यावर काय छापलंय, दुकानदाराने काय सांगितलं, यापेक्षा ही ओळ खरी.

फोनचं नेट चालू असतानाच विंडोज अपडेट करून घ्या आणि त्यातले ‘ऑप्शनल अपडेट्स’ही बघा. पुष्कळदा ड्रायव्हर तिथेच मिळतो आणि काम संपतं. नाही मिळाला तर मदरबोर्डच्या कंपनीच्या किंवा चिपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर जा. मदरबोर्डचं मॉडेल बोर्डावरच ठळक अक्षरांत छापलेलं असतं. तिथे विंडोज १० चा ड्रायव्हर नसेल आणि ७ किंवा ८.१ चा असेल तर तो टाकून बघायला हरकत नाही, बहुतेक वेळा चालतो. एक्सपीच्या काळातला मात्र टाकू नका. विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट हे सेटिंगमध्ये ‘सिस्टीम’च्या ‘अबाउट’ पानावर दिसतं. ड्रायव्हर त्याच बिटचा हवा. झिप फाइल सोडवल्यावर आत सेटअप नसेल आणि नुसत्या आयएनएफ वगैरे फायली असतील तरी घाबरू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’ म्हणा, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’ निवडा आणि तो फोल्डर दाखवा.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगतो. शोधताना ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करतो’ म्हणणारी सॉफ्टवेअरं समोर येतील, मोठमोठी हिरवी बटणं दिसतील. त्यांना हात लावू नका. नेटवर्कच्या एका ड्रायव्हरपायी नको ती दहा सॉफ्टवेअरं घेऊन बसलेली यंत्रं मी दर महिन्याला साफ करतो. आणि नेट लागलं की ती झिप फाइल एका पेनड्राइव्हवर ठेवून त्याला चिठ्ठी चिकटवा, म्हणजे पुढच्या फॉरमॅटला अडणार नाही. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आहेत, तेव्हा पुढे या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकायचा विचारही जरूर करा.

प्रश्न: आमच्या कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालतं. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि संगणकाचा लॅन पोर्ट गेला. नवं लॅन कार्ड बसवलं, ड्रायव्हर टाकला, पण पिवळी खूण आणि ‘कोड ५२’ येतो. कार्ड बदलून आणलं तरी तेच. (इचलकरंजी)

उत्तर: दोन्ही कार्डं चांगलीच असणार. कोड ५२ म्हणजे ‘या ड्रायव्हरवरची सही मला ओळखता येत नाही’. कंपन्या हल्ली ड्रायव्हरवर ज्या नव्या पद्धतीने डिजिटल सही करतात ती, म्हणजे ‘शा-२’, मूळच्या विंडोज ७ ला नीट वाचता येत नाही. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी २०१९ मध्ये दोन अपडेट दिले होते. आधी सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ च्या दुरुस्त्यांचा मोठा संच) आहे का ते बघा, नसेल तर तो टाका. मग दुसऱ्या संगणकावर ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’ उघडून केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ हे दोन आकडे शोधा, तुमच्या बिटच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या आणि याच क्रमाने टाका. रीस्टार्ट करून ड्रायव्हर पुन्हा टाका.

सुरू होताना एफ८ दाबून सहीची तपासणी बंद करायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. ती सवलत तेवढ्या एका वेळेपुरती असते. दुसऱ्या दिवशी यंत्र चालू केलं की कार्ड पुन्हा बंद. जळालेला जुना पोर्ट बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ‘डिसेबल’ करून टाका, नाहीतर अर्धमेला पोर्ट मधूनच जिवंत होऊन विंडोजला गोंधळात पाडतो.

आता सेटिंगबद्दल, कारण तुमच्या बाबतीत ते ड्रायव्हरपेक्षा महत्त्वाचं आहे. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. ज्या यंत्रात कारखान्याचा हिशेब आहे ते इंटरनेटवर उघडं ठेवू नये. त्याला ऑफिसातला प्रिंटर आणि बाकीचे संगणक दिसले म्हणजे पुरे. त्यासाठी नव्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ (नेटवर्कवरच्या पत्त्याची नेहमीची पद्धत) उघडून पत्ता हाताने भरा. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर या संगणकाला १९२.१६८.१.२५० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ व डीएनएस कोरे सोडा. गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार. ते माहीतच नसेल तर यंत्र घरातल्या घरात बोलतं, बाहेर जात नाही. त्याच प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही६ (पत्त्याची नवी पद्धत) समोरची खूणही काढा, कारण आजकालचे फायबरवाले आयपीव्ही६ देतात आणि त्या वाटेने दार पुन्हा उघडतं. राउटर आपोआप जे पत्ते वाटतो त्यांत २५० येत नाही ना, तेवढं राउटरच्या पानावर बघून घ्या, नाहीतर एके दिवशी कुणाचा तरी मोबाइल हाच पत्ता घेऊन बसेल.

आणि ढग गडगडायला लागले की नुसता प्लग काढून भागत नाही, लॅनची केबलही काढा. तुमचा पोर्ट बहुधा त्याच वाटेने गेला.

प्रश्न: २०१४ च्या लॅपटॉपसाठी वायफायचा छोटा डोंगल (यूएसबीत खोचायचं वायफाय कार्ड) घेतला. लावला की सीडी ड्राइव्ह दिसते, वायफाय दिसत नाही. डोंगल खराब आहे का? (चिपळूण)

उत्तर: नाही. असे डोंगल सुरुवातीला सीडी असल्यासारखे समोर येतात, कारण त्यांचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात असतो. विंडोजवर ती सीडी उघडून आतला सेटअप चालवा. ड्रायव्हर बसला की डोंगल रूप पालटतो आणि वायफाय कार्ड म्हणून दिसू लागतो. लिनक्सवर फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी ‘इजेक्ट’ करा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. रिअलटेकच्या ८८११सीयू, ८८२१सीयू या जातीच्या यूएसबी डोंगलचा आधार लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ६.२ या आवृत्तीपासून आला. लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकारात, त्याच्या २२ व्या आवृत्तीत, कर्नल ६.८ आहे, म्हणून तिथे वेगळा ड्रायव्हर शोधावा लागू नये.

चिपळूणकडची घरं चिऱ्याची असतात म्हणून एक जास्तीचं सांगतो. डोंगल ड्युअल बँड असला तरी जाड चिऱ्याच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ फार टिकत नाही, तिथे २.४ च वापरा. आणि तो निळ्या यूएसबी ३ पोर्टात, हार्ड डिस्कच्या शेजारी लावू नका. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. एक हातभर यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल बाजूला काढला की फरक लगेच कळतो.

प्रश्न: ड्रायव्हर बसला, पिवळी खूण गेली, तरी नेट नाही. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. (परभणी)

उत्तर: मग ड्रायव्हरला सोडा, त्याने त्याचं काम केलंय. संगणकाने ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारली, कोणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच १६९.२५४ चा पत्ता घेतला. राउटर बंद करून चालू करा, केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टात घाला, केबल बदला. त्याच केबलवर दुसरा लॅपटॉप चालतो का, हे बघितलंत तर दोष कोणत्या बाजूला आहे ते पाच मिनिटांत कळेल.

प्रश्न: वायफाय जोडलेलं दिसतं, पण बँकेचं पान, ईमेल, काहीच उघडत नाही. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. ड्रायव्हर दोनदा बदलला. (निवृत्त गृहस्थ, म्हापसा)

उत्तर: काका, उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. बहुधा पंधरा वर्षांमागची असेल. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. संगणकाच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून तो दार उघडत नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं. नवा सेल घाला, बायोसमध्ये तारीख लावा. डेस्कटॉपमध्ये हे घरी जमतं, लॅपटॉप असेल तर दुकानात द्या. एका ग्राहकाच्या संगणकावर मी अख्खी दुपार ड्रायव्हर बदलत बसलो होतो आणि कारण हेच निघालं. तेव्हापासून जुनं यंत्र समोर आलं की मी पहिल्यांदा तारीख बघतो.

प्रश्न: आमच्या शाळेला आठ जुने लॅपटॉप देणगीत मिळाले. लिनक्स मिंट टाकलं. पाचांवर वायफाय आपोआप चाललं, तिघांवर नाही. (मुख्याध्यापक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर: सर, आधी त्या तिघांच्या कडेला किंवा कीबोर्डच्या वर वायफायची कळ आहे का बघा. त्या काळच्या लॅपटॉपना खरीखुरी सरकवायची कळ असे, आणि ती बंद असली तर कितीही ड्रायव्हर टाका, उपयोग नाही. कळ चालू असूनही दिसत नसेल तर चिप ब्रॉडकॉमची, म्हणजे १४ई४ वाली असण्याची शक्यता मोठी. तिचा ड्रायव्हर खुला नसल्यामुळे तो वेगळा घ्यावा लागतो. लॅनच्या केबलने किंवा फोनच्या यूएसबी टेदरिंगने एकदाच नेट द्या, ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, ब्रॉडकॉमचा सुचवलेला ड्रायव्हर निवडा, रीस्टार्ट करा. एखाद्यावर चिपचा आकडा ४३१५ निघाला तर त्याला ‘बी४३’ या दुसऱ्या ड्रायव्हरचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) जास्त मानवतं. दोन्ही एकदम ठेवू नका, ते एकमेकांच्या आड येतात. यंत्रात सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) असेल तर रीस्टार्टनंतर निळा पडदा येऊन ड्रायव्हर टाकताना ठरवलेला पासवर्ड विचारतो. मुलं घाबरून तिथे भलतंच बटण दाबतात आणि ड्रायव्हर चालत नाही. तेव्हा पहिल्या वेळी तुम्ही स्वतः समोर बसा.

प्रश्न: २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, पण जुन्या डेस्कटॉपवर ९५ च्या वर जात नाही. ‘स्पीड अँड डुप्लेक्स’मध्ये १ गिगाबिट पक्कं केलं तर नेटच जातं. (डोंबिवली)

उत्तर: ते पुन्हा ‘ऑटो निगोशिएशन’वर ठेवा आणि आधी चिप बघा. रिअलटेकची ८१३९ असेल तर १०० हीच तिची हद्द, दुसरं कार्ड घ्यावं लागेल. चिप गिगाबिट असेल तर केबल संशयित. १०० एमबीपीएसला आठ तारांपैकी चारच लागतात: पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. गिगाबिटला आठही लागतात. उंदराने उरलेल्या चारांतली एक तार कुरतडली, की जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते आणि वरकरणी सगळं ठीक दिसतं. आठही तारा असलेली दुसरी केबल आणून, भिंतीतली वाट सोडून, थेट राउटरपासून संगणकापर्यंत लावून बघा. स्टेटसच्या खिडकीत १.० जीबीपीएस आलं, तर भिंतीतली केबल बदलून घ्या.