मुलगा पुण्यात ‘असतो’ की ‘राहतो’?

प्रश्न : थोरल्या मुलासाठी स्थळं बघतोय, म्हणून त्याचा बायोडाटा लिहायला घेतला. तो पुण्यात नोकरीला आहे, मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मी ‘राहणार : पुणे’ लिहिलं. दीर म्हणाले, ‘वहिनी, राहणार कोल्हापूरच. पुण्यात तो नुसता असतोय.’ धाकटी लेक म्हणते, शब्दच चुकला, ‘रहाणार’ पाहिजे. कुणाचं ऐकू? (एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : ताई, लेकीचं अजिबात ऐकू नका. दिरांचं निम्मं ऐका.

आपल्याकडं पै-पाहुण्यात ‘मुलगा कुठं राहतो?’ असं सहसा कुणी विचारत नाही. ‘पोरगं कुठं असतंय?’ असं विचारतात, आणि उत्तर येतं, ‘पुण्याला असतंय.’ त्या ‘असतंय’मध्ये नोकरी, खोली, मेसचा डबा सगळं आलं. शिवाय घर इथं आहे, गणपतीला तो इथंच येणार, हेही न सांगता आलं. तेच ‘पुण्यात राहतंय’ म्हणून बघा. पुढचा प्रश्न ठरलेला : ‘मग फ्लॅट घेतला काय?’ तुमच्या दिरांना खटकलं ते हेच.

माझी उमेदीची वर्षं इथल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. लग्नसराईत पत्रिकांचा ढीग पडायचा आणि भांडणं व्हायची ती ‘रा.’वरून. मुलगा ठाण्यात वाढलेला, पण आजोबा हटून बसायचे : ‘रा. कसबा बावडा’ ठळक छापा, ‘सध्या रा. ठाणे’ खाली बारीक टाइपात. मी छापून द्यायचो. भावकीत पत्रिका वाचली जाते ती गावाच्या नावापासून, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ‘मु. पो.’मधला मु. तर आणखी मजेशीर. पणजोबांपासून एकाच वाड्यात राहणारं घर असलं तरी पत्त्यात तो मुक्कामच, आणि रात्री गावात थांबून पहाटे परत निघणारी एसटी तीही मुक्कामाचीच.

पण दिरांचं निम्मंच ऐका म्हटलं त्याचं कारण असं. पेपरातल्या बातमीत नावापुढं ‘रा. शिवाजी पेठ’ लिहितात, तेव्हा माणसाचं मूळ बघत नाहीत, बिऱ्हाड बघतात. उद्या मुलाला पुण्यात रहिवासी दाखला काढायचा झाला तर तिथं कोल्हापूरची मंगळवार पेठ चालायची नाही.

आता लेकीचा मुद्दा. राहणे, पाहणे, वाहणे हीच रूपं प्रमाण. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांत हे स्पष्ट आहे. म्हणून राहणार, राहतो, राहायला. गोंधळ होतो तो आज्ञार्थामुळं, कारण तिथं ‘राहा’बरोबर ‘रहा’ही चालतं. त्यात ‘रहिवासी’मधला र ऱ्हस्व, म्हणजे पोरांनी तरी काय करायचं? बोलताना तर आपण ‘ऱ्हातो’ म्हणून दोन्हींतून सुटतो. आडनाव मात्र ज्याचं त्याचं. अजिंक्य रहाणेला कुणी सुधारायला जाऊ नये.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगतो. या शब्दात वस्तीपेक्षा मागं उरणं जास्त आहे. चष्मा घरी राहिला, जेवायचं राहिलं, पोरगा गणितात राहिला. पंगतीत ‘राहू दे, राहू दे’ म्हणत वाटीवर हात धरला तरी आपले लोक पांढरा रस्सा ओततातच, तिथंही राहू दे म्हणजे भांड्यातच उरू दे. सुनेला दिवस राहिले, ही त्यातली एकच उरण्याची बातमी जिच्यावर पेढे वाटतात. नागपूरकडचा माणूस तर ‘काय करून राहिला?’ असं विचारतो. ते ऐकून आपल्याकडं हसतात, पण आपणही ‘बोलत राहिला’, ‘बघत राहिला’ म्हणतोच की.

आणि बायोडाटा लग्नाचा आहे म्हणून हेही. सून सासरी राहायला येत नाही, नांदायला येते. राहायला ती माहेरी जाते, चार दिवस. घरजावयाला मात्र कुणी ‘नांदतोय’ म्हणत नाही, तो सासरी नुसता राहतो. नांदण्याची सगळी जबाबदारी भाषेनं बाईवर टाकून दिली आहे, आणि मला ते पटत नाही. पण पत्रिकेवरचा ‘नांदा सौख्यभरे’ हा आशीर्वाद दोघांना असतो, एवढं तरी बरं.

तर दोन ओळी लिहा : ‘मूळ राहणार : मंगळवार पेठ, कोल्हापूर. नोकरीनिमित्त सध्या राहणार : पुणे.’ फ्लॅट भाड्याचा आहे हे कागदावर घालू नका. तो विषय मुलीचे मामा पहिल्याच फोनवर काढतात.