हिमस्खलनाचा धोका तपासायला बर्फात खणलेल्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, टेस्ट करून बर्फाचा थर तुटला नाही, तर उतार सेफ समजायचा का? पिट किती खोल खणायचा?

नाही समजायचा. थर तुटला तर मागे फिरायचं, एवढंच त्या टेस्टचं काम. नाही तुटला म्हणून पुढे जायची परवानगी मिळत नाही, आणि हे मी इतकं ठासून सांगतेय कारण याच समजावर आम्ही पाच जण एकदा उतार आडवा कापायला निघालो होतो.

दोन दिवस बर्फ पडलेला, वर जोराचा वारा. सकाळी सपाटीवर चालताना पायाखाली धप्प असा जड आवाज आला आणि आजूबाजूचा बर्फ बोटभर खाली बसला. मी तिथेच म्हटलं, परत फिरू. लीडर म्हणाला थांब, टेस्ट करून दाखवतो, आणि त्याने पिट खणला तो झाडांच्या आडोशाला, जिथे वारा पोचलाच नव्हता. ९० सेंटीमीटर रुंद कॉलम, म्हणजे बर्फाचा सुटा ठोकळा, कापला, त्यावर मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा. काही नाही. "बघ, हललासुद्धा नाही, उगाच सगळ्यांना घाबरवू नकोस." मी गप्प बसले, ती माझी चूक.

तिसरा माणूस मध्यावर पोचला आणि त्याच्या वर आडवी भेग पळत गेली, अख्खा स्लॅब, म्हणजे वरचा घट्ट चिकटलेला बर्फाचा थर, सुटला. तो छातीपर्यंत गाडला गेला, डोकं वर राहिलं म्हणून वाचला, पण थांबल्याबरोबर बर्फ असा घट्ट झाला की हाताने उकरता येईना, चौघांनी फावड्यांनी खणून काढला. निघताना कडेला तुटलेला थर दिसला. वर गुडघाभर जाडीचा वाऱ्याने दाबलेला स्लॅब, त्याखाली मोकळे दाणे, मुठीत धरले तर साखरेसारखे बोटांतून सांडत होते, गोळाच होईना. थंडीत बर्फाचा थर पातळ असला की जमीन उबदार आणि वरचा भाग गार, त्या फरकाने असे दाणे तयार होतात आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहतात.

लीडर आजही म्हणतो टेस्ट बरोबर होती, नशीब खराब. अहो, टेस्ट दुसऱ्याच बर्फाची केली होती! काही मीटरवर थर बदलतो. तो धप्प आवाज म्हणजे आमच्या वजनाने खालचा कमकुवत थर कोसळला होता, त्याहून मोठी टेस्ट कुठली? आवाज आला, भेगा पळाल्या, ताजं हिमस्खलन दिसलं की ३० ते ४५ अंशांचे उतार त्या दिवशी सोडायचे, आणि त्यांच्या पायथ्याशीही रेंगाळायचं नाही, सपाटीवरूनसुद्धा वरचा उतार सुटू शकतो.

पिट निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणत नाहीये, कमकुवत थर कुठे दडलाय ते त्यातच कळतं. खोली साधारण एक ते दीड मीटर, कारण माणसाच्या वजनाने त्याहून खोल थर सहसा तुटत नाही. पण खणायचा तो जायच्या उताराच्याच दिशेचा, तसाच वारा लागलेला, शक्यतो तेवढ्याच चढाचा पण लहान सुरक्षित तुकडा बघून. आमच्या लीडरला खणायला सोपी जागा हवी होती.