तोंडात तापलेली सुई कशाला?

गेल्या खेपेस रूट कॅनालबद्दल थोडं लिहिलं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच जागी अडली आहेत: दात भरताना वापरतात ते 'गरम मशीन' काय प्रकरण आहे? म्हणून या खेपेचं सदर त्यालाच. हिरड्या आणि कवळ्यांवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

प्रश्न : मी गुहागरचा निवृत्त शिक्षक. खालच्या दाढेचं रूट कॅनाल करायचं आहे. चिपळूणला दोन ठिकाणी दाखवलं. एके ठिकाणी म्हणाले, "आम्ही गरम पद्धतीने भरतो, मशीन आहे, खर्च जास्त येईल." दुसरीकडे म्हणाले, "आम्ही साध्या पद्धतीने भरतो, काही बिघडत नाही." गरम नक्की काय करतात, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

सर, तापवतात ती दाढ नव्हे, दाढेत भरायचा माल. नस काढून, कॅनाल म्हणजे मुळातली नळी घासून-धुऊन झाली की मुळात एक निमुळती पोकळी उरते. ती तशीच सोडली तर ओल झिरपते आणि जंतू पुन्हा बस्तान बसवतात. म्हणून ती भरायची. भरतात गट्टापर्चाने, आम्ही आपसात 'जीपी' म्हणतो. डबीत त्याच्या गुलाबी, टोकाकडे बारीक होत गेलेल्या काड्या ओळीने मांडलेल्या असतात. नाव गट्टापर्चाचं, पण काडीत तो असतो साधारण पाचवा हिस्सा. उरलेला बराचसा झिंक ऑक्साइड, थोडं मेण, आणि एक्स-रेत पांढरं दिसावं म्हणून एखादा जड क्षार.

साध्या पद्धतीत मुख्य काडी सीलरमध्ये, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लगद्यात, बुडवून मुळाच्या टोकापर्यंत बसवतात, मग तिला बाजूला रेटून शेजारी बारीक काड्या सरकवत जातात. उदबत्तीच्या पुड्यात कितीही काड्या कोंबल्या तरी मध्ये फटी राहतात, तसंच हे. त्या फटी सीलर भरून काढतो. शेवटी बाहेर आलेली शेंडी स्पिरिटच्या दिव्यावर तापवलेल्या अवजाराने कापतात. म्हणजे 'साध्या' पद्धतीतही थोडी आग असतेच!

गरम पद्धतीत काडीलाच मऊ करतात. जीपी साधारण ४२ ते ४९ अंश सेल्सिअसला आपली आतली रचना बदलतो आणि ५३ ते ५९ च्या दरम्यान पुरता लिबलिबीत होतो. मशीन दोन. पहिलं जाड पेनासारखं. बटण दाबलं की पुढचं धातूचं टोक क्षणात तापतं. सेटिंग बहुधा २०० अंशांवर असतं. हे टोक काडीत दाबत खाली नेतात आणि मुळाच्या टोकाच्या चार-पाच मिलिमीटर अलीकडे थांबतात. बटण सोडायचं, पण दाब सोडायचा नाही. जीपी थंड होताना आकसतो, म्हणून तो घट्ट होईपर्यंत साधारण दहा सेकंद रेटून धरावं लागतं. मग बटणाचा एकच झटका देऊन टोक बाहेर, त्याबरोबर वरचा जास्तीचा मालही बाहेर. याला डाऊनपॅक म्हणतात. आता खालचा भाग बंद आणि वर रिकामी नळी. ती भरायला दुसरं यंत्र, म्हणजे गन. तिच्या पोटात जीपीची गोळी वितळते आणि बारीक सुईतून दोऱ्यासारखी बाहेर येते. हा बॅकफिल.

ही कल्पना नवी नाही. बोस्टनच्या हर्बर्ट शिल्डर यांनी १९६७ मध्ये गरम जीपी वरून दाबत भरण्याची पद्धत मांडली, तेव्हा अवजारं ज्योतीवर तापवत. बटण आणि बॅटरी मागाहून आली.

आता पैशांचं. माझ्याकडे रत्नागिरीत ही दोन्ही यंत्रं आहेत, मला ती आवडतात, तरीही सांगते: फक्त यंत्र आहे म्हणून दवाखाना निवडू नका. २००७ मध्ये गरम आणि थंड पद्धतींवरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले गेले. उपचारानंतरचं दुखणं आणि उपचाराचा दीर्घकाळचा निकाल यांत दोन्ही पद्धतींत ठळक फरक दिसला नाही. गरम पद्धतीत माल मुळाच्या टोकाबाहेर जाण्याचं प्रमाण मात्र जास्त दिसलं. भरणं हा शेवटचा अंक आहे. नाटक पडतं किंवा उभं राहतं ते त्याआधी, कॅनाल स्वच्छ करताना.

तेव्हा दोन्ही ठिकाणी तीन गोष्टी विचारा. काम करताना दाढेवर रबर डॅम, म्हणजे लाळ अडवणारा रबराचा पडदा, लावता का? भरल्यानंतरचा एक्स-रे मला दाखवाल का? आणि कॅप किती दिवसांत बसवाल? यावर जिथे सरळ उत्तर मिळेल तिथे जा. रबर डॅम न लावता गरम मशीन वापरणाऱ्यापेक्षा डॅम लावून थंड पद्धतीने भरणारा मी केव्हाही पसंत करीन.

काही दातांना मात्र गरम जीपीच हवा. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी कधी दोन-तीन वेगळ्या नळ्यांऐवजी इंग्रजी 'सी'सारखी एकच वाकडी चीर असते. तिच्यात सरळ काडी बसणार कशी? दुसरं उदाहरण मिरकरवाड्याच्या एका खलाशाचं. तरुणपणी बोटीवर दोराचा फटका बसून त्याच्या वरच्या पुढच्या दाताला मार लागला होता. दात दुखत नव्हता, फक्त काळवंडला होता. एक्स-रेत मुळाच्या मधोमध कॅनाल गोल फुगलेला दिसला: दात आतून खाल्ला जात होता. त्या फुगवट्यात काड्या रेटून भागलं नसतं. खालचं टोक एका काडीने बंद केलं, ती फुगवट्याच्या खालीच कापली आणि गनने थोडा थोडा जीपी सोडत, प्रत्येक वेळी दाबत, पोकळी भरली. नंतरच्या एक्स-रेत तो गोल काठापर्यंत पांढरा दिसला. खलाशी म्हणाला, "बल्ब लागला वाटतं आत!" अशा दातासाठी तुमच्याकडून जास्तीचे पैसे घेतले तर ते वाजवी आहेत. तुमची दाढ कशी आहे ते एक्स-रे दाखवूनच विचारा.

प्रश्न : डॉक्टरीणबाय, माझ्या झिलाचो दात भरताना मी थयच बाजूक होतंय. डॉक्टरान तापलेली सुई दातात घातल्यान आणि धूर इलो! दात आतून भाजलो नाय मां? (मालवणहून एक आजी)

आजी, नाय भाजलो. धूर आला तो दाताचा नव्हे, जीपी आणि त्यातल्या मेणाचा. तापलेलं टोक काडीला लागलं की एक बारीक रेघ उठते आणि थोडा वासही येतो. बाजूला बसलेल्या माणसाला तो जास्तच दिसतो.

तरी तुमची शंका अगदी खुळी नाही. दाताचा आतला कठीण भाग, म्हणजे आमच्या भाषेत डेंटिन, उष्णता सावकाश वाहून नेतं, आणि मुळाभोवतीचं रक्त ती उष्णता उचलून नेतं. म्हणून आत २०० अंशांचं टोक दोन-तीन सेकंद फिरलं तरी मुळाबाहेरच्या जबड्याच्या हाडापर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. किती पोचलं तर धोका, हेही तपासलेलं आहे. १९८३ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी सशाच्या हाडावर पाहिलं की ४७ अंशांचं तापमान एक मिनिट टिकलं तर हाडाला इजा होते. आपलं अंग ३७ अंशांचं, म्हणून मुळाबाहेर दहा अंशांपेक्षा जास्त वाढ होऊ द्यायची नाही, हा आमचा दंडक. तो मोडू शकतो खालच्या पुढच्या बारीक दातांत, जिथे भिंत पातळ असते, किंवा डॉक्टरने बटण दाबूनच ठेवलं तर.

दोन-चार दिवस चावताना ठणकलं तर चालतं. सूज आली, किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी चढत गेलं, तर झिलाक परत धाडा. आणि दुखतंय म्हणून त्यावर बिब्ब्याचं तेल लावू देऊ नका. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण मालवणच्या पत्राला उत्तर देताना हे लिहिल्याशिवाय माझा हात थांबत नाही. त्या तेलाने भाजलेल्या हिरड्या मी बघते, मशीनने भाजलेल्या नाही.

प्रश्न : मॅडम, मी बीडीएस, देवगडजवळ नवा दवाखाना टाकला आहे. पावसात लाइटचा भरवसा नाही. गरम जीपीची यंत्रं घ्यावीत का? वायरची की बॅटरीची?

हे सदर वाचकांचं, डॉक्टरांचं नव्हे. पण किनाऱ्यावर दवाखाना टाकणारा माणूस एकटा असतो, म्हणून लिहिते. घाई करू नका. आधी भिंगं, चांगला एक्स-रे सेन्सर आणि रबर डॅमचा पुरता संच. त्यानंतर पेनसारखं यंत्र एकटं घ्या. शेंडी कापायला ते रोज लागतं आणि स्पिरिटचा दिवा टेबलावरून जातो. गन सावकाश.

बॅटरीचंच घ्या. ऐन बॅकफिलच्या मध्यावर लाइट गेली आणि सुईत जीपी थिजला की काय होतं, ते इथे लिहीत नाही! पण बॅटरीच्या यंत्राचा आपल्याकडचा शत्रू लाइट नसून खारी हवा आहे. चार्जरच्या पितळी पिना हिरव्या पडतात, यंत्राचा हातात धरायचा भाग चार्जरवर ठेवलेला दिसतो, दिवाही लागतो, आणि सकाळी बॅटरी रिकामी. दर आठवड्याला पिना स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि रात्री यंत्र झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. जीपीच्या काड्याही खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका. ऊन आणि हवा लागून त्या कडक होतात आणि वाकवताना तुटतात. थंड, अंधारी जागा हवी.

पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. टोकाचं खरं तापमान पडद्यावरच्यापेक्षा कमी असतं, असं मोजमापांत वारंवार दिसलं आहे, आणि बारीक टोक, जाड टोक यांतही फरक पडतो. काढलेल्या दातांवर हात बसवा, मग तोंडात जा. टोकावर चिकटलेला जीपी गरम असतानाच पुसा, सुरीने खरवडू नका. सीलर कुठला वापरता तेही पाहा: सगळे सीलर उष्णतेला सारखे टिकत नाहीत, कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असतं.

कॅनाल धुण्याचं द्रावण, म्हणजे हायपोक्लोराइट, गरम करण्याबद्दलही तुम्ही विचारलं आहे. उष्णतेने त्याची मृत पेशी विरघळवण्याची ताकद वाढते, हे खरं. पण सिरिंज गरम पाण्यात बुडवून ठेवली तरी ते कॅनालमध्ये पोचताच दातासारखंच कोमट होतं. त्यापेक्षा कॅनालमध्ये थोडं द्रावण सोडून तिथेच बारीक गरम टोकाने क्षणभर तापवणं, ताजं द्रावण घालून पुन्हा करणं, हे उपयोगी पडतं. टोक मुळाच्या टोकापासून दूर ठेवा आणि डॅमशिवाय हे करू नका.

छोट्या भट्टीत तापवून प्लॅस्टिकच्या दांडीसकट बसवायचा जीपीही येतो. भरायला झटपट, पण पुन्हा उघडायची वेळ आली की ती दांडी काढताना घाम फुटतो. मी तो घेतला नाही.

प्रश्न : घोलवडला आमची चिकूची बाग आहे. गट्टापर्चा म्हणजे प्लॅस्टिक की जनावराचं काही? आम्ही शाकाहारी आहोत. शिवाय मला रबराच्या हातमोज्यांची अ‍ॅलर्जी आहे.

तुम्ही विचारावं यात गंमत आहे, कारण गट्टापर्चा तुमच्या चिकूच्या भाऊबंदांपैकीच. मलाया, सुमात्रा, बोर्निओकडच्या पॅलाक्वियम नावाच्या झाडाचा तो चीक. चिकू, मोह, आपल्या कोकणातली ओवळं म्हणजे बकुळ, सगळी त्याच कुळातली. कच्चा चिकू तोडताना बोटाला चिकटणारा पांढरा चीक तुम्ही रोज बघता. त्याच चिकाचं एके काळी च्युइंगम होत असे. तेव्हा गट्टापर्चा झाडाचाच, खुशाल भरून घ्या.

१८४३ मध्ये सिंगापुरात राहिलेल्या विल्यम मॉन्टगोमेरी या डॉक्टरने त्याचे नमुने लंडनला पोचवले. गरम पाण्यात मऊ, गार झाला की कडक, आणि समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षं न कुजणारा; त्यामुळे समुद्राखालून टाकलेल्या तारांना वेष्टन त्याचंच आलं. १८७० मध्ये मुंबई आणि एडन यांच्यामध्ये टाकलेली तारही अशीच गट्टापर्चात गुंडाळलेली होती. त्यापायी मलायातली झाडं अक्षरशः तोडून संपवली गेली. दाताच्या मुळात तो साधारण १८६७ पासून जातो आहे.

अ‍ॅलर्जीचं म्हणाल तर रबर आणि गट्टापर्चा यांचे रेणू त्याच घटकाचे, जोडणी वेगळी. म्हणून रबर ताणलं जातं आणि जीपी खोलीच्या तापमानाला कडक राहतो. तुम्हाला खरा त्रास होईल तो डॉक्टरांच्या हातमोज्यांचा आणि रबर डॅमचा, कारण दोन्ही बऱ्याचदा लॅटेक्सचे असतात. दोन्ही बिनलॅटेक्सचे मिळतात. पूर्वी कधी श्वास लागला किंवा ओठ सुजले असतील तर तेही सांगा, म्हणजे डॉक्टर काड्या कुठल्या बनावटीच्या ते बघतील. काही काड्यांत बलाटा नावाचा दुसरा चीक मिसळलेला असू शकतो आणि तो अशा माणसांना चालेलच असं नाही. हे सगळं खुर्चीवर बसल्यावर नको, फोनवर वेळ घेतानाच सांगा. बिनलॅटेक्सचा डॅम प्रत्येक दवाखान्यात असतोच असं नाही, मागवायला दोन दिवस लागतात.