ऑटोपायलट लावल्यावर आपण काय करतो

प्रिय मुली,

तुझा परवाचा फोन डोक्यातून जात नाही. बारामतीला दोनशे तास पूर्ण करून लायसन्स हातात आलं, टाइप रेटिंगसाठी, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवायच्या परवानगीसाठी, बाबांनी कर्ज काढलं, आणि साखरपुड्याच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं की हल्ली विमान आपोआपच उडतं. "काका, ते खरं असेल तर?" असं तू विचारलंस. पाहुण्यांचं सोड. त्यांना उत्तर देताना तू अडखळलीस, याचा मला त्रास झाला.

टेकऑफ आपण हाताने करतो, लँडिंगही बहुतेक वेळा हातानेच. दिल्लीच्या दाट धुक्यात विमान स्वतः उतरतं, आणि नेमकं तेव्हाच दोघेही पायलट सगळ्यात सावध असतात. मधला बहुतेक वेळ ऑटोपायलट असतो हे खरं आहे, ते कुणापासून लपवायचं कारण नाही. पण तो दिलेला हुकूम पाळतो. हुकूम चुकीचा असला तरी तितक्याच इमानदारीने पाळतो.

म्हणून माझं एकच सांगणं. हे यंत्र आत्ता काय करतंय आणि यानंतर काय करणार आहे, हे कोणत्याही क्षणी तुला तोंडाने सांगता आलं पाहिजे. आत्ता काय, पुढे काय. बस.

14 फेब्रुवारी 1990. मुंबईहून बंगळूरला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं फ्लाइट 605. एअरबसचं ए-320 आपल्याकडे नुकतंच आलं होतं, हवा स्वच्छ होती. उतरताना विमान ओपन डिसेंटमध्ये होतं. म्हणजे इंजिनं आयडलवर, कमीत कमी जोरावर, आणि वेग राखायचा तो नाक खाली-वर करून. खाली जातोय म्हणून नाक वर धरलं की वेग पडणारच, कारण त्या मोडमध्ये इंजिन जोर लावत नाही. वेग पडत गेला. दोघांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फ कोर्सवर विमान आदळलं, 92 माणसं गेली. मोड समोरच्या स्क्रीनवर लिहिलेला होता.

पुढे 6 जुलै 2013ला सॅन फ्रान्सिस्कोत एशियानाचं बोइंग 777. कंपनी वेगळी, विमान वेगळं, देश वेगळा. ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र, वेग सांभाळतंय असं वैमानिकांना वाटत होतं, आणि ते होल्डमध्ये जाऊन गप्प बसलं होतं. तिघे गेले. तेवीस वर्षांनी तीच गोष्ट! मला याचा अजूनही राग येतो.

म्हणून सवय आत्तापासून लाव. कंट्रोलरने उंची दिली की नॉब फिरवायचा, पण तिथेच थांबायचं नाही. नजर लगेच समोरच्या स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर, एफएमएवर. कोणते मोड चालू आहेत ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे जे उमटलंय ते मोठ्याने वाच: "थ्रस्ट आयडल, ओपन डिसेंट, हेडिंग." मनात वाचलेलं धरत नाही. शेजारच्याने ऐकलं पाहिजे, त्याला खटकलं तर त्याने बोललं पाहिजे.

क्रूझमध्येही हेच. मुंबई-दिल्ली घे. प्रत्येक पॉइंटला इंधन प्लॅनशी ताडून बघायचं. पावसाळ्यात रडारचा टिल्ट खाली-वर करून ढगाचं पोट कुठे आणि माथा कुठे ते शोधायचं. आत्ता इंजिन गेलं तर अहमदाबाद की उदयपूर, तिथली हवा कशी, हे आधीच ठरलेलं हवं. उतरायला कधी लागायचं? तीस हजार फूट उतरायचे तर साधारण नव्वद नॉटिकल मैल लागतात, मागून वारा असेल तर जास्त. कॉम्प्युटर हा हिशेब चोख करतो, पण कंट्रोलर मध्येच शॉर्टकट देऊन वीस मैल कापतो तेव्हा ते कॉम्प्युटरला सांगायचं तूच. तोपर्यंत तो जुन्याच रस्त्याचा हिशेब धरून बसलेला असतो. आत्ता काय, पुढे काय.

माझ्याबरोबर रोस्टर लागलं की को-पायलट कुरकुरायचे, हे तुझ्याही कानावर येईल. "कॅप्टन शाळा घेतात" म्हणायचे. घेत होतो. दमलेल्या माणसाकडूनही पट्टी वाचून घ्यायचो, कारण दमल्यावरच ती वाचायची राहते. मला यात आजही काही वावगं वाटत नाही. खंत वेगळी आहे. मी जिथे होतो तिथे पुढे पुढे फरमान निघालं की होता होईल तो ऑटोपायलट लावूनच ठेवा. चांगल्या हवेत, दहा हजार फुटांखाली तरुण पोरांना हाताने उडवू द्या, असं मी मीटिंगमध्ये बोललो, पण नेट लावून भांडलो नाही. 2009मध्ये अटलांटिकवर एअर फ्रान्स 447चे पिटो ट्यूब, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळ्या, बर्फाने बंद झाले, ऑटोपायलट सुटला, विमान हाताने उडवायची वेळ आली, आणि नाक वर ओढत ओढत विमान स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल संपून, समुद्रात गेलं. 228 माणसं. तो अहवाल वाचताना ती मीटिंग सारखी आठवत होती.

तेव्हा मुली, पंगतीतल्या वाक्याने खचायला वेळ नाही तुझ्याकडे. टाइप रेटिंगला अजून तीन आठवडे आहेत आणि तू मॅन्युअलमधलं ऑटोथ्रस्टचं, म्हणजे एअरबसच्या ऑटोथ्रॉटलचं, प्रकरण उघडलेलंही नाहीस, हे फोनवरच कळलं मला. ते आधी वाच. रविवारी फोन करशील तेव्हा एवढंच विचारणार आहे: ए-320च्या ओपन डिसेंटमध्ये एका पायलटने आपला फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते स्क्रीनवर दाखवणारा) बंद केला आणि दुसऱ्याचा चालूच राहिला, तर ऑटोथ्रस्ट कोणत्या मोडमध्ये असेल, आणि दोन्ही बंद केले तर कोणत्या?

तुझा,
काका