नवऱ्याला घर स्वच्छ वाटतं, मला वाटत नाही. मी अपेक्षा कमी करायला हव्यात का?

माझं उत्तर: नाही. निदान सुरुवात तिथून करू नका.

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरी करता, कामं ‘तशी वाटून घेतली आहेत’, तरी घराकडे बघून तुमची चिडचिड होते आणि नवरा म्हणतो, “सगळं ठीक तर आहे.” तो खोटं बोलत नसावा. त्याला खुपेल इतकं घर खराब होण्याची वेळ येतच नाही, एवढंच.

पसारा सहन करायची प्रत्येकाची एक हद्द असते. समजा, बेसिनवरचे साबणाचे डाग तुम्हाला तिसऱ्या दिवशी खुपतात आणि त्याला दहाव्या. तुम्ही तिसऱ्याच दिवशी घासून मोकळ्या होता, त्यामुळे त्याचा दहावा दिवस कधी उजाडत नाही. हळूहळू ते काम तुमच्या नावावर चढतं आणि त्याची प्रामाणिक समजूत होते की बेसिन फारसं घाण होतच नाही, किंवा तुम्हाला घासायची हौस आहे. त्याचं समाधान तुमच्या कामावर उभं आहे. अशा वेळी ‘अपेक्षा कमी कर’ म्हटल्याने काय होणार? खुपायचं ते खुपतच राहतं, माणूस फक्त बोलायचं थांबतो.

‘पुरुषांना पसारा दिसतच नाही’ हेही मला पटत नाही. आमच्या घरात किटकिट्या मीच आहे. थेबो, कॉर्नरिच आणि रुपानर या समाजशास्त्रज्ञांनी 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात लोकांना खोलीचे फोटो दाखवले, तर स्त्री-पुरुषांनी पसारा साधारण सारखाच ओळखला. पण तीच आवरलेली खोली बाईची आहे असं सांगितलं की ती कमी स्वच्छ ठरायची. आमच्याकडेही पाहुण्यांना कोपऱ्यात जळमट दिसलं की नजर बायकोकडे वळते, माझ्याकडे नाही. तुमची हद्द आधी येते त्यात स्वभाव किती आणि ही नजर किती, हे एकदा नवऱ्याशी बोलून बघा.

‘मी पण खूप करतो’ या वादात मात्र पडू नका. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये 37 जोडप्यांना घरकामातला आपापला वाटा विचारला होता. बहुतेकांच्या वाट्यांची बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली! स्वतः केलेलं आठवतं, दुसऱ्याचं आठवत नाही.

त्यापेक्षा ‘झालं’ म्हणजे काय, ते ठरवा. “ओटा पुसला” याचा एकाचा अर्थ समोर दिसणारे कण झटकले, एवढाच. दुसऱ्याच्या लेखी शेगडी उचलून खालचं पुसलं, सिंकच्या जाळीतला गाळ काढला आणि फडकं पिळून वाळत घातलं, तेव्हा कुठे ओटा पुसला. दोघंही खरं सांगतात आणि तरी भांडण होतं.

दुसरं म्हणजे, कामं खुपण्यावर सोडू नका, वाराला बांधा. ज्याला आधी खुपेल तो करेल असा अलिखित नियम असेल, तर कायम एकच जण करणार. काम द्याल ते अख्खं द्या, त्याची आठवण ठेवण्यासकट. “सांग, मी करतो” यात निम्मं काम तुमच्याकडेच राहतं. आणि दिलेल्या कामावर मागून हात फिरवू नका. त्यासारखा अपमान नाही.

आमच्याकडे बाथरूम बायकोकडे आहे, दर शनिवारी. शुक्रवारी मला ते बघवत नाही, पण मी ब्रश हातात घेत नाही. एकदा घेतला की ते काम परत माझंच होणार, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक आहे.